रिकाम्या ओळी

आमच्या ऑफिसात पुस्तकं तयार होतात असं सांगितलं की लोक आदराने बघतात. ती यंत्रांच्या दुरुस्तीची असतात हे कळलं की आदर चहा थंड व्हायच्या आत उतरतो. पाचशे-सहाशे पानांची, आकृत्यांनी भरलेली, कुणीच सलग वाचत नाही अशी पुस्तकं. ती पानांवर बसवायचं आमचं सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं की फाइल उघडायला लावायची आणि डबा खाऊन यायचं. त्याची नवी आवृत्ती आली, तेव्हा ती घ्यावी की नाही हे तपासायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. "तुमच्याइतकं बारीक कोण बघतं?" म्हणाले. साहेब कौतुक करायला लागले की मी सावध होते.

नवी आवृत्ती चांगली होती, हे कबूल करायला हवं. सगळ्यात जाडं पुस्तक पापणी लवायच्या आत उघडलं. सूची, आकृत्यांचे क्रमांक, सगळं आपोआप. आकृत्या काढणारा माझा सहकारी तर आनंदाने खुर्चीतच गोल फिरला. मीही हरखले. मग सवयीप्रमाणे एकेक पान बघत गेले. इशाऱ्यांच्या चौकटी जागेवर नव्हत्या.

इशारा नेहमी कृतीच्या डोक्यावर, त्याच पानावर हवा. आधी 'वाफ उतरू द्या', मग 'झाकण उघडा'. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकत्र बांधायची सोय होती, पण ती वापरली की मोठी फाइल बसकण मारायची. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली. इशारा पानाच्या तळाशी एकटा अडकला की त्याच्या आधी एंटर मारत सुटायचं, तो पुढच्या पानावर जाईपर्यंत. सगळेच तसं करायचे. ज्याने मला काम शिकवलं त्यानेही हेच शिकवलं. आता नवी आवृत्ती जुनी फाइल उघडताना या रिकाम्या ओळी कचरा समजून झाडून टाकत होती, न विचारता. इशारा परत मागच्या पानाच्या तळाशी आणि कृती पान उलटल्यावर.

"उलटून बघतील की," सहकारी म्हणाला. "एवढं काय त्यात?"

मी त्याला माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. तो इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीयंत्रांची देखभाल करतो. ती यंत्रं आमच्याच कंपनीची. तेलकट हातांनी पुस्तक कोण चाळणार? तो सरळ लागेल ते पान फाडतो आणि यंत्राच्या दाराला आतून चिकटवतो. मी एकदा ओरडले, तर म्हणाला, "ताई, तुझं पुस्तक आम्ही वापरतो, देव्हाऱ्यात नाही ठेवत." कृतीची बाजू वर ठेवून पान चिकटवलं, तर मागची बाजू कायमची पत्र्याला. आणि इशारा आता तिथेच असणार होता.

मी अहवाल लिहिला. आवृत्ती घ्या, पण प्रत्येक पुस्तकाचं पान न् पान तपासल्याशिवाय छापू नका, असं स्पष्ट लिहिलं. साहेबांनी तो माझ्यासमोरच वाचला.

"म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नाही," ते म्हणाले. "दोष तुमच्या त्या एंटर मारण्याचा आहे. शिकलीसवरलेली माणसं असं करतात का?"

त्यांचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचा मला मनस्वी राग आला.

"पण तपासणी तर करावीच लागेल ना, सर?"

"मॅडम, वेळ वाचावा म्हणून तर ही घेतली. तपासण्यातच वेळ घालवला तर वरचे काय म्हणतील? तुम्ही करा की सवडीने."

घेतली. मग मला कळलं की खरेदी आधीच झाली होती. फायलीत लावायला एक कागद हवा होता, तो मी मन लावून लिहून दिला. शिफारशीची पहिली ओळ त्यांनी ठेवली आणि बाकीची कापली.

मी सवडीने करत बसले. जेवणाच्या सुट्टीत, निघायच्या वेळेनंतर, इशारा शोधायचा, कृतीशी बांधायचा, पुढचं पान. नव्या आवृत्तीत बांधणं अगदी सोपं होतं, याचाच जास्त संताप यायचा. शनिवारी इस्त्रीयंत्राचं पुस्तक उघडणार, तर सहकारी म्हणाला, "ते कशाला? ते गेलं की छापून. मागच्याच महिन्यात मी एका बटणावर पाठवलं." चांगली बातमी दिल्यासारखं म्हणाला. मी फाइल उघडून बघितलं. दाबाच्या झाकणाचा इशारा मागच्या पानावर होता.

भाऊ फोन उचलेना. रविवारी दुपारी मी सरळ त्याच्या कारखान्यावर गेले. तो फाटकाशी आला, मला बघून खूश झाला आणि काही विचारायच्या आत हाताला धरून आत घेऊन गेला. बंद यंत्राचं दार उघडून म्हणाला, "बघ. तुझं नवं पुस्तक. काय सुरेख छापलंय या वेळी."

पान दाराला चिकटलेलं होतं. चारी कोपरे नीट दाबलेले, वर पारदर्शक पट्टी. पहिलीच ओळ, 'झाकणाच्या खिट्ट्या सोडवा.' मी नखाने कोपरा खरवडला. कागदाचा पापुद्रा निघाला, बाकी तसंच राहिलं.

"अगं, काय करतेस?"

मी त्याला पानामागे काय आहे ते सांगितलं. तो हसला.

"वाफ असताना झाकण कोण उघडतं, ताई? मला काय हे वाचून कळायचंय?"

"मग चिकटवलंस कुणासाठी?"

त्याचं हसू ओसरलं. "नवीन लोकांसाठी," तो म्हणाला. "ते जसं लिहिलंय तसंच करतात. मीच सांगून ठेवलंय त्यांना, पानाबाहेर जायचं नाही."

मग त्याने खिशातून फोन काढला आणि मला दाखवला. यंत्रं सांभाळणाऱ्या गावोगावच्या लोकांचा एक ग्रुप होता. त्यात त्याने या दाराचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'सगळ्यांनी असंच लावा. पुस्तक माझ्या बहिणीने केलंय.' खाली अंगठेच अंगठे, आणि फोटोमागून फोटो. वेगवेगळी दारं, तेच पान.

मी तिथल्याच एका खोक्यावर बसले. त्याने उभ्या उभ्या संदेश लिहिला, 'पान काढा, आधी वाफ उतरवा, मगच झाकण.' माझ्याकडून वाचून घेतला आणि पाठवला. एकेक उत्तर येऊ लागलं. काढलं. बघतो. बरं झालं सांगितलंत. मी प्रत्येक नावासमोर बोट ठेवत होते. शेवटी एकच राहिला. त्याने संदेश बघितलाच नव्हता.

"त्याला फोन लाव."

भावाने लावला. घंटा वाजत राहिली. त्याने परत लावला.

"नवीनच आहे तो," भाऊ म्हणाला. "त्यांची दुपारची पाळी सुरू झाली असेल. तिथे फोन बाहेर ठेवून आत जावं लागतं."