पडवीतल्या दोघी

गोजराबाईने शाळेच्या पडवीत चटई झटकून अंथरली आणि पाहुण्या बायकांना जवळ बसायची खूण केली. त्या अफगाणिस्तानातून आल्या होत्या. तिथलं युद्ध थांबून तीन-चार वर्षं झाली होती. परदेशी मदतीने गावोगाव बायकांच्या समित्या उभ्या राहत होत्या. समिती चालवायची कशी, हे बघायला त्यांना नाशिकला आणि तिथून त्र्यंबकेश्वरपलीकडच्या या पाड्यावर आणलं होतं.

नाशिकच्या संस्थेची आशा मधे बसली. पाहुण्यांतल्या गुलालाईचं लहानपण पेशावरच्या छावणीत गेलेलं, त्यामुळे तिला उर्दू येई. ती बोले ते आशा मराठीत सांगे, गोजराबाईचं हिंदीत.

पाड्यावरच्या बायकांच्या मंडळाने हातपंप कसा आणला, दारूची भट्टी कशी उठवली, हे सगळं सांगून झालं. गुलालाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मग तिने हळू आवाजात काही विचारलं.

"ती म्हणते," आशा म्हणाली, "मदतवाले आले की आमच्याकडे बायका जमतात. एरवी कुणी फिरकत नाही. पुढच्या वर्षी ते येणारच नाहीत. मग कसं करायचं?"

गोजराबाईने आशाकडे पाहिलं.

"सांगू का, ताई?"

"सांगा ना."

मधे एक वर्ष संस्थेचं येणं थांबलं होतं. बायका पांगल्या. गोजराबाई आणि आता तिच्या शेजारी बसलेली कुसाबाई, दोघीच तेवढ्या ठरल्या दिवशी पडवीत येऊन बसत. गडीमाणसं जाता-येता हसत. बोलायलाही काही नसे.

"नुसत्या बसायचो. कधी ही माझ्या उवा बघायची," गोजराबाई म्हणाली. "मंग एक दिवस झुंबरची आई आली. नवऱ्यानं मारलं व्हतं. म्हणली, तुमी हितं असता, म्हणून आले."

आशाची समजूत होती की त्या वर्षी मंडळ बंदच पडलं होतं. हिंदीत सांगताना ती मधेच थांबली, गोजराबाईकडे एकदा बघून पुन्हा बोलू लागली.

गुलालाईने ओढणीचं टोक सोडलं. मग तिने सांगितलं, समितीतल्या एका बाईला धमकी आली, ती गाव सोडून गेली. आता सोबत कुणी नाही. एक जाऊ आहे. पण स्वतःचा भाऊ लढाईत मारला गेल्यापासून ती कुणाशी बोलत नाही.

"बोलाया कशाला पायजे?" गोजराबाई म्हणाली.

आशाने ते सांगितलं. गुलालाईने डोळे पुसले. थोड्या वेळाने तिने आशाचा हात हातात घेऊन अदबीने विचारलं, थोडा वेळ तुम्ही बाजूला जाल का, आम्हाला नुसतं बसायचंय. आशा उठली, तिने चपला घातल्या आणि अंगण ओलांडून जीपपाशी गेली.

मागे पडवीत आता एकीची भाषा दुसरीला सांगणारं कुणी नव्हतं. कुसाबाई सरकून गुलालाईला खेटून बसली. एवढ्या लांबून काही ऐकू येत नव्हतं.

ड्रायव्हर जयरामने घड्याळ बघितलं.

"उशीर होईल, ताई. हॉर्न देऊ का?"

"नको," आशा म्हणाली. "बसू दे त्यांना."