पाण्यापलीकडची ताई

मामांनी उभा जन्म नदी आडवी कापली. या काठावरून त्या काठाला, त्या काठावरून या काठाला. दूधवाले, शाळेची पोरं, नवी नवरी, बाळंतीण, एकदा तर खुर्चीसकट एक न्यायाधीश, सगळे त्यांच्या होडीतून पार झाले. पण ज्या नदीवर आयुष्य काढलं ती लांबीनं कशी दिसते, हे काही मामांना ठाऊक नव्हतं. उतारू त्यांना मामा म्हणत आणि त्या नात्यानं त्यांची बायको साऱ्या गावाची मामी झाली होती. मामी दवाखान्याच्या शिवणखोलीत कामाला होत्या. चादरींना ठिगळं लावायची, गाऊनचे बंद शिवायचे, जुन्या चादरींची झबली करायची. नदीवर पूल झाला, होडी बंद पडली, आणि त्याच वर्षी मामींच्याही हातात निरोपाचा गुच्छ पडला.

आता माणसानं काय करावं? घरात बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघावं? तर मामांनी पाटबंधारे खात्यानं मोडीत काढलेली एक पाहणीची लाँच घेतली. दोन बाकं, एक स्टोव्ह, डोक्याला लागेल एवढं छप्पर. मामींनी खिडक्यांना पडदे शिवले, आणि मामा म्हणाले, "चल. तुला ताईकडे नेतो."

मामी उठून आत गेल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

ताई म्हणजे मामींची थोरली बहीण. नदीच्या वरच्या अंगाला मोठं तळं आहे, तळ्यात बेट आहे, आणि त्या बेटावरच्या प्रार्थनाघरात ताई रोज संध्याकाळी गाणं धरते. तिनं पहिली ओळ घ्यायची आणि मग बाकीच्यांनी. आई गेल्यावर ताईनंच मामींना वाढवलं, वेणी घालता घालता देवाची गाणी शिकवली. लग्न होऊन मामी खाली आल्या त्या आल्याच. होडीला सुट्टी नाही, शिवणखोलीत माणूस कमी, मग मुलं, मग मुलांच्या परीक्षा, मग सासूबाईंचं अंथरूण. "पुढच्या वर्षी नक्की," असं म्हणता म्हणता केस पिकले. ताईचे गुडघे गेले, ती बेट सोडू शकत नव्हती. फोन होता म्हणा. पण ताईला फोनचं वावडं. "बरी आहेस ना? मग ठेवते." झालं बोलणं! ताईचं बोलणं मामींना नकोच होतं. त्यांना ताईचं गाणं हवं होतं, समोर बसून, एकदा. त्या आशेवर त्यांनी इतकी वर्षं चादरी शिवल्या होत्या.

अडचण एकच होती. नदी आणि तळं यांच्या मधे पाण्याचा दरवाजा आहे. थंडी पडायच्या सुमाराला तो दुरुस्तीसाठी बंद करतात, मधला कालवा कोरडा पाडतात, आणि मग थंडी सरेपर्यंत नाव आत नाही की बाहेर नाही. बेटावरची माणसं तेवढ्या दिवसांचं सामानसुमान भरून ठेवतात. तेव्हा दरवाजा बंद व्हायच्या आत पोचायला हवं होतं.

तसा वेळ भरपूर होता. पण मामा पडले होडीवाले. काठावर कुणाचा हात वर झाला की त्यांचं सुकाणू आपोआप तिकडे वळे. पहिल्याच दिवशी एक सुतार दिसला, खांद्यावर दाराची चौकट घेऊन उभा.

"अहो, कुठे?" मामी म्हणाल्या.

"अगं, हात केला त्यानं."

"हात केला म्हणजे? आपण काय अजून नोकरीवर आहोत?"

"उभ्या माणसाला काठावर ठेवायचं म्हणजे... पाच मिनिटांचं काम आहे गं."

पाच मिनिटांचं काम दुपारपर्यंत चाललं, कारण पलीकडे गेल्यावर सुतारानं चहा पाजला आणि चौकट बसवायला मामांनी हात लावला. मग रोज हेच सुरू झालं. नदी संपून छोटं तळं लागलं, तळं संपून पुन्हा नदी लागली. कधी कोंबड्यांचे खुराडे, कधी बँडवाले, कधी नुसताच एक माणूस, ज्याला पलीकडे काहीच काम नव्हतं, नाव आली म्हणून बसला. मामी पुढच्या टोकाला बसून पाण्याकडे बघत. सकाळी पाण्यावर धूर उठे, बगळे एका पायावर उभे असत, आणि मामींना वाटे, हेच पाणी काल ताईच्या पायाशी असेल. मग त्या हात बुडवून बसत.

शेवटी एक दिवस त्यांनी स्टोव्ह विझवला आणि म्हणाल्या, "तुम्ही जगाला पार केलंत. मला कधी करणार?"

मामांचा चेहरा एवढासा झाला. "चुकलो," ते म्हणाले. "आता कुणी कितीही हात हलवू दे. देवाशपथ थांबत नाही."

आणि खरंच थांबले नाहीत हो! कुणी काठावरून ओरडलं की मामा मान दुसरीकडे वळवत, कानापर्यंत लाल होत, पण सुकाणू सरळ. एका माणसानं तर "नाव घेतलीत की नदी विकत घेतलीत?" असंही विचारलं. मामांनी ते गिळलं. मामींना त्यांची दया येई, पण बोलायच्या नाहीत. बोललं की हा माणूस पुन्हा वळायचा.

दरवाजा बंद व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी, वळणावर एक म्हातारी दिसली. एक हात वर आणि दुसऱ्या हातात चष्मा. मामांनी मान वळवली.

"अहो बाई!" म्हातारी मामींनाच हाक मारत होती. "खाली वीटभट्टीपर्यंत सोडता का? बहिणीचा चष्मा आणलाय मी चुकून, माझा तिच्याकडे राहिला! बस आता परवा! तिला ह्याच्याशिवाय काही दिसत नाही हो, गोळ्या अंदाजानं घेईल ती!"

वीटभट्टी त्यांनी सकाळीच मागे टाकली होती. मामा समोर बघत राहिले. म्हातारी मागे पडायला लागली, पण चष्मा धरलेला हात आता तिनं वर केला होता, जणू मामींना तो दिसला की काम होईल.

"थांबवा," मामी म्हणाल्या.

"अगं, उद्या दरवाजा..."

"थांबवा म्हणते ना! आंधळी बसली असेल ती तिकडे."

नाव वळली. म्हातारी चढली ती वीटभट्टीपर्यंत बडबडतच राहिली. ती आणि तिची बहीण कशा भांडतात, एकसारखी फ्रेम घेण्यावरून कशा भांडल्या होत्या, वगैरे. तिथे बहीण दारात बसली होती, नाकावर दुसरीचाच चष्मा, डोळ्यांतून पाणी. "आलीस? मी म्हटलं मीच मेले की काय, सगळं धुरकट दिसतंय!" दोघी एकमेकींना शिव्या देत हसत सुटल्या. मामी उंबऱ्यात उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांना तिथून हलवेना. मामांनी दोनदा खाकरलं.

तरी पहाटे निघून गाठता आलं असतं. पण पहाटे असं धुकं पडलं की नावेचं टोकही दिसेना. अशा धुक्यात मामांनी कधी नाव सोडली नव्हती आणि मामींनीही सोडा म्हटलं नाही. धुकं उठलं तेव्हा उन्हं वर आली होती. मग मामांनी इंजिन जेवढं ओरडेल तेवढं ओरडू दिलं. दरवाजापाशी पोचले तेव्हा त्याची दोन्ही पानं मिटलेली होती. पलीकडच्या कालव्यात पाणी उतरून काळा चिखल उघडा पडला होता.

दरवाजावाला ग्रीसचे हात पुसत आला. "दुपारीच बंद केला, मामा. थोडं आधी यायचं होतंत."

"चिखलातून चालत?" मामांनी विचारलं.

"कंबरेइतका आहे. आणि पलीकडच्या नावाही काढल्या वर."

मामा काही तरी बोलणार होते, पण मामींनी हात करून त्यांना गप्प केलं. दरवाजावरच्या अरुंद फळीवर त्या चढल्या. चिखलापलीकडे तळं पसरलं होतं आणि त्यात बेट, झाडांच्या रांगेसकट, छपरांसकट. एवढंसं. मामींनी डोळे बारीक करून बघितलं. प्रार्थनाघराचं टोक त्यांनी ओळखलं आणि कठडा घट्ट धरला.

त्यांनी फोन लावला.

"ताई, दरवाजा बंद झाला गं. इथेच आहे मी, दरवाजावर. बेट दिसतंय."

"कुणामुळे उशीर? त्याच्यामुळे?"

"नाही, माझ्यामुळे." आणि मामींनी चष्म्याची गोष्ट सांगितली.

ताई म्हणाली, "बरं केलंस. गाण्याची वेळ झाली. ठेवते."

दरवाजावाला म्हणाला, "वारा इकडे असला ना, तर बेटावरचं गाणं इथवर ऐकू येतं. परवा सबंध ऐकलं मी. आज मात्र वारा उलटा आहे, इकडून तिकडे."

मामी कान देऊन उभ्या राहिल्या. तळ्यावर उन्हं कलली. बेटावरून काही आलं नाही, वाऱ्यानं फक्त त्यांचा पदर तिकडे ओढला. खाली मामा नाव बांधत होते, आणि ती बांधणी एका रात्रीची नव्हती. चार दोर, दुहेरी गाठी, कडेला जुने टायर.

"हे काय?" मामी वरून म्हणाल्या.

"उघडेल तेव्हा पहिली नाव आपली," मामा म्हणाले. "घरी जाऊन काय करायचंय? इथून बेट तरी दिसतं."

मग देवाला काय वाटेल, दरवाजावाल्याला काय वाटेल, याचा विचार न करता मामींनी तोंड बेटाकडे केलं आणि गायला सुरुवात केली. आवाज फाटला. शिवणखोलीच्या मशीनवर आयुष्यभर गुणगुणलेलं गाणं मोकळ्यावर कधी म्हटलंच नव्हतं. पहिली ओळ ताईची, ती त्यांनी घेतली नाही, तेवढा वेळ त्या थांबल्या. मग दुसरीपासून म्हटलं, वेणी घालून घेताना म्हणायच्या तसं.

कडवं संपल्यावर मामा फळीखाली येऊन उभे राहिले. "पोचलं असेल का गं? फोन करून विचारतेस?"

"नको. म्हणेल, पोचलं, ठेवते."

मामा हसले, आणि डोळे पुसत स्टोव्ह पेटवायला गेले. मामी वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. पुढच्या कडव्याची पहिली ओळ ताईची. तेवढा वेळ त्या पुन्हा थांबल्या.