अंतरपाट खाली आल्यावर

मी शेळगावच्या हिंदुरावांच्या घरचा अंतरपाट. नवरानवरीच्या मध्ये धरतात ना ते पांढरं कापड, तोच मी. हिंदुरावांच्या कारभारणीनं, बनाबाईंनी, मला बारामतीच्या पेठेतून आणलं आणि स्वतःच्या बोटानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक लग्नात मला मान. खरं सांगतो, हवा डोक्यात गेली होती. वाटायचं, मी खाली आलो की लग्न लागलं.

त्यांच्या थोरल्या इंद्रजितनं मात्र मला ट्रंकेतच ठेवलं. त्यानं पुण्याला रजिस्टर लग्न केलं. महिनाभर आधी नोटीस, मग अधिकाऱ्यासमोर साक्षीदार, सह्या, झालं. ना अग्नी, ना मी. मी रुसून बसलो, पण कापडाचा रुसवा काढतंय कोण!

यंदा धाकट्या ऋषिराजचं लग्न ठरलं, कऱ्हाटीच्या रेश्माशी. इंदापूरजवळच्या कार्यालयात ही गर्दी. मुहूर्त टळला तरी माइकवर सत्कार चालूच. फेटे, शाली, नारळ. अखेर मंगलाष्टका झाल्या, मी खाली आलो, अक्षता पडल्या आणि माणसं पंगतीकडं पळाली. गुरुजींनाही दुसरं लग्न गाठायचं होतं.

"चला, उरका. लग्न लागलं," हिंदुराव म्हणाले. "पाव्हणं खोळंबल्यात."

रेश्मा पाटावरून हलली नाही.

"आबा, सप्तपदी ऱ्हायलीया."

"अगं, अक्षता पडल्या की. आता काय ऱ्हायलं?"

"माझ्या छकुलीताईच्या लग्नात बी समदी असंच म्हणाली. आता तिचा नवरा कोर्टात म्हणतोय, सप्तपदी झालीच न्हाय, मग ही माझी बायको कशी? वकील इचारतोय, पावलं कुणी बघितली? समदी तर जेवत हुती." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "थोरल्या भाऊजींचं लग्न सह्या झाल्या तितं पुरं झालं. आपलं सातव्या पावलाला पुरं हुतं. मागनं ग्रामपंचायतीत नोंद केली, तरी न चाललेली पावलं त्यात कुठनं यायची?"

डोक्यावर पदर, समोर सासरा, आणि इतकं नीट बोलणं! मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. माझी हवा तिथंच उतरली.

"आबा, पंगत थांबू द्या," ऋषिराज म्हणाला. हिंदुरावांनी मान डोलावली. गुरुजी परत बसले, होम पेटला. पण बघायला होतं कोण? रिकाम्या खुर्च्या, आणि डोळे पुसत उभी असलेली छकुली.

विहिणीच्या मानाच्या पंगतीत बनाबाई बसल्या होत्या. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. भरलं ताट सोडून त्या हात पुसतच आल्या, सोबत पंगतीतल्या बायकाही.

"चाल पोरी," त्या म्हणाल्या. "मी बघतीया. उद्या माझाच ल्योक न्हाय म्हणाला, तरी मी हुबी ऱ्हाऊन सांगीन."

रेश्मा सातही पावलं सावकाश चालली.

आता मी पुन्हा ट्रंकेत आहे, हळदीचा डाग घेऊन. तुमच्या घरच्या लग्नात माझ्यासारखा एखादा खाली आला, की लगेच उठू नका. जेवण कुठं पळत नाही. पोरीची पावलं बघून मगच पानावर बसा, उद्या तिच्या बाजूनं सांगणारं माणूस लागतं.