तिसरा खड्डा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा हंडा आहे. तीन पायांचा, जड झाकणाचा आणि स्वभावाने मत्सरी. हे शेवटचं आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझं नवल वाटणार नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेला, लाकूडतोड्यांच्या तळावर, डेल्फीन टिबडोचे आजोबा स्वयंपाकी होते. मी त्यांचा हंडा. ते जमिनीत खड्डा खणून दगडांनी मढवायचे आणि त्यात लाकडं जाळून निखारे करायचे. मग माझ्यात सुका घेवडा, काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस भरून मला आत ठेवायचे आणि वरून माती ओढायचे. सकाळी मला बाहेर काढलं की तळावरची दांडगी माणसं माझ्याभोवती घोटाळायची. पुढे मी डेल्फीनकडे आलो. दर शनिवारी घेवडा वाढून झाला की ती मला चरबीचा हात लावून पुसायची. त्या हाताची मला सवय झाली होती.

मग गावच्या नदीवरचा पूल मोडकळीला येऊन बंद झाला. डेल्फीन शाळेची बस चालवायची. बर्फात मुलांना लांबच्या वळशाने न्यावं लागे आणि ती बिचारी बसमध्येच झोपून जात. लाल पक्षाचे लोक म्हणत, पुलाची दुरुस्ती निळ्या पक्षाने रखडवली. निळे म्हणत, लालांनी. हे ऐकून कंटाळलेल्या डेल्फीनने ठरवलं की आपणच विधानसभेला उभं राहायचं, अपक्ष.

मला राजकारणातलं काही कळत नाही. मला एवढंच कळलं की माझे शनिवार गेले. तिने प्रचाराच्या लाकडी पाट्या केल्या, त्यांना हिरवा रंग दिला आणि भिजू नयेत म्हणून त्यांच्यावर ताडपत्री घातली. माझ्यावर तिने कधी ताडपत्री घातली होती? पाट्या गाडीत पुढच्या सीटवर बसून गावभर मिरवत होत्या आणि मी शेडमध्ये गंजत होतो. कुणी एखादी पाटी उपटून टाकली की, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

निवडणुकीआधी गावच्या सभागृहात घेवड्याचं जेवण असतं. मागच्या अंगणात दोन जुने खड्डे आहेत, एक लालांचा आणि एक निळ्यांचा. ज्या हंड्यातलं वाढून घेतलं त्या पक्षाचे तुम्ही. आजोबा ज्या खड्ड्याचे, नातूही त्याच खड्ड्याचा. दुसऱ्या हंड्यातलं कुणी चाखूनही बघत नाही, नावं मात्र मनसोक्त ठेवतात.

आपणही तिथे जेवण घालणार असं डेल्फीनने सांगितलं, तेव्हा सभागृह सांभाळणारा वेंडेल प्राउट कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "खड्डे दोनच आहेत, डेल्फीन. कुठल्यात येतेस ते सांग."

"मी माझा खणते."

"खण बापडे. पण आमच्या साठवलेल्या कोरड्या दगडांच्या ढिगाला हात लावायचा नाही."

म्हणून तिने बंद पुलाखालून नदीतले दगड आणले. आजोबा नदीचा दगड कधी घेत नसत, हे ती घाईत विसरली. त्यात पाणी मुरलेलं असतं, तापला की तो फुटतो. तिने मला निखाऱ्यांत ठेवलं, माती ओढली आणि थोड्याच वेळात एक दगड फुटला. माझ्या पोटाला तडा गेला आणि सगळा रस हळूहळू गळून गेला.

दुसऱ्या दिवशी बाहेर आलो तेव्हा माझ्यातला घेवडा कोरडाठाक आणि करपलेला होता. शेजारचे दोन्ही हंडे रसाने गच्च होते. त्यांच्यासमोरच्या रांगा पार रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. त्यांची झाकणं सारखी उघडत होती आणि माझा नुसता जळफळाट होत होता. डेल्फीन पळी धरून एकटीच उभी होती. तिची बस रोज या सगळ्यांच्या दारात थांबायची, पण आज कुणी तिच्याकडे मान वळवून बघत नव्हतं.

मग वेंडेलची थोरली बहीण अल्मिरा ताटली घेऊन आली. म्हातारी जन्मभर लालांच्या रांगेत उभी राहिली होती.

"वाढ," ती म्हणाली.

"करपलाय हो, अल्मिराबाई."

"नाक आहे मला. माझा नातू तुझ्या बसमध्ये झोपतो, तेही ठाऊक आहे. वाढ."

तिच्यामागून आणखी काही जण आले. रांग म्हणावी इतके नव्हते.

डेल्फीन हरली. चांगलीच हरली. जमीन गोठायच्या आत ती फावडं घेऊन सभागृहामागे गेली. मी गाडीत मागे पडलो होतो, भंगारात जायला निघालेला. अल्मिरा अंगणातच होती.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"बुजवते. कुणी पडेल यात."

"त्या दोघांत इतक्या वर्षांत कोण पडलं?" म्हातारी जवळ आली. "वेंडेल आता मला लालांच्या रांगेत उभं राहू देत नाही. हा बुजवलास तर पुढच्या वर्षी मी जेवायचं कुठे?"

डेल्फीनने फावडं टाकलं. मग ती खड्ड्यात उतरली आणि नदीचे दगड एकेक करून बाहेर फेकू लागली.

मित्रांनो, मी भंगारात गेलो नाही, शेडमध्येच आहे. त्या खड्ड्यात आता नवा हंडा बसतो. डेल्फीन त्याला चरबीचा हात लावते, तेव्हा मी तोंड फिरवू शकत नाही, सगळं बघावं लागतं. माझी काळजी तुम्ही करू नका, माझं वय झालं. पण तुमच्या गावात कुणी तिसरा खड्डा खणायला घेतला, तर आपल्या ढिगातले चार कोरडे दगड त्याला द्या. ते तेव्हा मिळाले असते, तर आज त्या खड्ड्यात मी असतो.