फारुखभायचं वाळवंट

निडी गावात वाळवंटाविषयी कुणाला काही शंका आली, तर ती फारुखभायला विचारायची, असा रिवाज होता. आता भात आणि वाल पिकवणाऱ्या गावात वाळवंटाविषयी शंका येऊन येऊन किती येणार? पण येत. कुणाची म्हैस सुटून गेली की फारुखभाय म्हणायचा, "म्हैस काय घेऊन बसलायस? मी हरवलेला उंट शोधून काढलाय. ताऱ्यांवरनं." लग्नाच्या मांडवात जेवणाला उशीर झाला, की माणसं त्याच्याभोवती खुर्च्या ओढून बसत आणि तो वाळूच्या वादळात कसा अडकला होता ते सांगे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते वादळ एक रात्र चाललं होतं. पुढं ते दर लग्नसराईला थोडं थोडं वाढत गेलं.

फारुखनं आयुष्याची वीसेक वर्षं कुवेतला काढली, एवढं खरं होतं. फक्त ती एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत काढली होती. खोलीपासून तळघरापर्यंत कंपनीची बस, बसला पडदे, आणि बसमध्ये बसला की त्याला झोप. वाळवंट त्यानं पाहिलं ते चादरी झटकताना खाली पडणारं, चिमूटभर. उंट पाहिला तो टॉवेलच्या कोपऱ्यात दोऱ्यानं भरलेला. बाकीचा माल खोलीतल्या ड्रायव्हर लोकांनी पुरवलेला होता. ही गोष्ट बायको फरझाना सोडून कुणालाच ठाऊक नव्हती, आणि फरझाना काही बोलणारी बाई नव्हे, असा त्याचा समज होता. नवऱ्यांचे असे समज असतात.

बाबाजी हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. फारुख कुवेतला गेला तसा बाबाजी पेणला गेला. म्हणजे सकाळच्या गाडीनं जायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचा. तिथं एका गणपतीच्या कारखान्यात त्यानं जन्मभर रबराचे साचे केले आणि मूर्ती गवतात बांधून परगावी धाडल्या. यंदा गणपती झाले आणि बाबाजीनं कारखान्याला हात जोडले. आठवडाभर घरी बसला. मग एके संध्याकाळी फारुखच्या ओट्यावर येऊन म्हणाला,

"फारख्या, जैसलमेरला जायचं."

"जाऊ की. गाडी कुठली हाय?"

"गाडी नाय. सायकलीनं."

बाबाजीच्या मुलानं, आदर्शनं, मागं कधीतरी तब्येतीचं मनावर घेऊन जाड टायरच्या दोन भारी सायकली आणल्या होत्या, एक स्वतःला आणि एक बायकोला. त्यांच्यावर आठवडाभर माणसं बसली आणि नंतर टॉवेल वाळत बसले. त्या सायकली बाबाजीच्या डोळ्यांत भरल्या होत्या.

"जैसलमेरात हाय काय?" फारुखनं विचारलं.

"वाळवंट! आणि वाटाड्या घरचा हाय. तू असताना मला कसली भीती?"

फारुखनं गुडघा पुढं केला. आतून पडद्यामागून फरझाना म्हणाली, "जावा की. रोज नाक्यावर दोन फेऱ्या मारतो तो गुडघा, तेव्हा नाय दुखत." फारुखला बायकोचं नवल वाटलं. बाहेर जायचं म्हटलं की चप्पल लपवणारी बाई ती.

भात झोडून झालं आणि सराव सुरू झाला. निडीहून रोह्याला, रोह्याहून परत. मग नागोठण्यावरून पेण आणि पुढं वडखळचा नाका. हायवेची धूळ खाऊन परतल्यावर बाबाजी म्हणाला, "निम्मं वाळवंट झालं." सायकलींना सामान कसं बांधायचं ते आदर्शनं मोबाइलवर बघून शिकवलं. हँडलला वळकटी, मधल्या दांड्यांत तिकोनी पिशवी आणि सीटखाली शेपटासारखी लांबडी. कृष्णाबाईनं, म्हणजे बाबाजीच्या बायकोनं, त्या शेपटात सुके बोंबील भरले, आणि पुढं त्या वासापायी धर्मशाळेच्या धर्मशाळा दोघांना रस्ता दाखवू लागल्या तेव्हा ते कुत्र्यांना घालावे लागले. पण ते नंतरचं.

खरी चूक झाली ती निघण्याआधी, आणि तिचं मूळ फारुखच्या जिभेत होतं. निघणं टळावं म्हणून त्यानं शेवटचा उपाय केला. "बाबाज्या, वाळवंटातला काटा तुला ठाऊक नाय. टायरमधून ट्यूब, ट्यूबमधून रिम. दिवसाला दहा पंक्चर! मी डोळ्यांनी बघितलेत."

बाबाजी घाबरला नाही. तो पेणला गेला आणि कारखान्यातून साच्याच्या रबराचा डबा घेऊन आला. साचा करायला मूर्तीवर जे दुधासारखं पातळ रबर थरावर थर लावतात, ते. व्हॉल्व्हची पिन काढून त्यानं ते ट्यूबमध्ये ओतलं आणि सायकल बाभळीच्या काट्यावरून नेली. भोकातून पांढरा थेंब आला, वाऱ्याला लागला, आणि भोक बंद झालं. निडीत त्या दिवशी दुसरी कुठलीच बातमी नव्हती. बाबाजीला इतका हुरूप आला, की पिशवीत न्यायच्या जादा ट्यूबाही त्यानं भरून ठेवल्या. "ऐनवेळी धावपळ नको," तो म्हणाला. पेणच्या कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाचं असंच असतं. पुढल्या वर्षाचे गणपती विसर्जनाआधीच सुरू झालेले असतात.

गुजरात तसा मजेत गेला. दिवसा पाय मारायचे, रात्री धर्मशाळा नाही तर पेट्रोल पंपाचा आडोसा. काटे लागत, पांढरा थेंब येई, बाबाजी उतरून त्याला नमस्कार करी. पण पालनपूर मागं पडलं, हिरवं कमी होत गेलं, आणि त्या मानानं फारुखची बडबडही आटत गेली. बाबाजीची मात्र वाढली.

"फारख्या, हे झाड कसलं?"

"वाळवंटी."

"व्हय, पण नाव काय?"

"तिकडं अरबीत नाव हाय. हिकडं चालणार नाय ते."

बाडमेरला फारुखची बैठक कामातून गेली म्हणून दोन दिवस मुक्काम पडला. सायकली भिंतीला टेकून उन्हात उभ्या राहिल्या, आणि चाकांतलं रबर आपल्या स्वभावाप्रमाणे खाली जमून निवांत घट्ट झालं. तिसऱ्या दिवशी निघाले तर प्रत्येक फेऱ्याला चाक गुडुप गुडुप करी. भात झोडायच्या यंत्रावर बसल्यासारखं वाटायचं. बाबाजी म्हणाला, "वजन पडलं की बसंल." बसलं नाही.

शिव गावाच्या पुढं एक फाटा फुटला. डांबर सरळ जात होतं, वाळूचा रस्ता उजवीकडं.

"कुठनं जायचं?" बाबाजीनं विचारलं. फारुखनं डोळ्यांवर हात धरून क्षितिजाकडं पाहिलं, गोष्टीत पाहायचा तसं. "हिकडनं जवळ पडंल," तो उजवीकडं बोट दाखवून म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीनं जीभ आपली आपण वळली.

तासाभरात दोघांची मागची चाकं बसली. वाळूत तीन शिंगांचे सराटे सांडलेले होते आणि या खेपेला पांढरा थेंब आला नाही. बाबाजीनं पंप लावला, तर हवा आत जाईना. व्हॉल्व्हमध्ये रबर गच्च. "जादा हायेत ना," तो म्हणाला आणि पिशवीतून घड्या घातलेल्या ट्यूबा काढल्या. त्या उलगडेनात. घड्यांसकट आतून गोठून त्यांची वाटोळी, गुटगुटीत अशी काहीतरी वस्तू झाली होती. बाबाजीनं चाकूनं एक कापून पाहिली. आतलं रबर अख्खं निघालं, घडीन् घडी उमटलेली.

"साचा चांगला उतरलाय," तो कारागिराच्या नजरेनं म्हणाला, आणि मग वाळूत बसला.

चारी बाजूंना काही नव्हतं. एक खेजडीचं झाड, तेही सावली देण्याच्या बाबतीत काटकसरी. मागं गाव किती राहिलं कुणास ठाऊक, पुढं आहे की नाही तेही कुणास ठाऊक. पाणी एका बाटलीचं, तेही तळाला. फारुखनं ओळखलं, आता बाबाजी विचारणार. आणि खोटं सांगावं तर या माणसाला घेऊन आणखी वाळूत शिरावं लागणार, खरं सांगावं तर उभ्या आयुष्याचा दोस्त जाणार. गावातली खुर्ची जाणार ती वेगळीच.

बाबाजीनं विचारलंच. "आता?"

"कुवेतला आम्ही अशा वेळी..." फारुखनं सुरुवात केली. पुढचं काही येईना.

"फारख्या," बाबाजी म्हणाला, "तू जरा गप बस. आणि बघ."

"काय बघू?"

"वाळवंट. त्याच्यासाठीच आणलंय ना तुला. लाँड्रीतनं दिसत नव्हतं."

फारुख बघत राहिला. वाळवंटाकडं नाही, बाबाजीकडं. मग हळूच म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"भाभींनी कृष्णीला सांगितलं, वाल सोलताना. तू पहिल्या सुट्टीवर आला होतास ना, तेव्हा."

"पहिल्या?" फारुखचा आवाज चिरकला. "म्हणजे उंट, तारे, वादळ... सगळं ठाऊक असून ऐकत होतास तू? मान हलवत होतास!"

"मग काय करू? बऱ्या असायच्या रे गोष्टी." बाबाजी टायरातले सराटे उपटत होता. "बघितलेलं सांगणारे गावात पुष्कळ हायेत, झोप येते. तू न बघितलेलं सांगायचास. तेव्हा समजायचं, तुला काय काय बघायचं होतं ते. म्हटलं, कारखाना सुटला की दाखवून आणू. भाभी म्हणाल्या, लाँड्रीचं नाव काढलंत तर यायचे नायत, नुसतं घेऊन जा."

फारुख उठून दहा पावलं पुढं गेला. ऊन कलायला लागलं होतं आणि वाळूवर वाऱ्यानं बारीक बारीक चुण्या पाडल्या होत्या, नुकत्याच पिळून काढलेल्या चादरीवर असतात तशा, पार आभाळापर्यंत. त्यानं मूठभर वाळू उचलली. हात सवयीनं झटकायला निघाला होता. झटकला नाही.

"माझ्यामुळं वाट चुकली," तो परत येऊन म्हणाला.

"आणि माझ्यामुळं चाकं. फिट्टंफाट."

थोड्या वेळानं दूरवर बकऱ्यांच्या घंटा वाजल्या. त्यांच्यामागं एक म्हातारा, डोक्यावर लांब वाळक्या गवताचा भारा. त्यानं आधी पाणी पाजलं, मग यांची कहाणी ऐकली, आणि हसण्यासाठी भारा खाली ठेवला. आपली ढाणी, म्हणजे चार झोपड्यांची वस्ती, टेकाडापलीकडं आहे म्हणाला. पण सायकली खांद्यावर मारून न्यायचं यांचं वय नव्हतं, आणि बसलेल्या टायरवर ओढल्या असत्या तर रिमा वाकल्या असत्या. बाबाजी मात्र त्या भाऱ्याकडं बघत होता.

"गवत दे रे बाबा थोडं," तो आपल्या हिंदीत म्हणाला. "फारख्या, टायर खोल. ट्यूब काढून टाक. मूर्तीच्या खोक्यात भरतो तसं ठासून भरू. माझ्या हातची मूर्ती ट्रकनं कुठं कुठं गेली, कुणाचा कान मोडला नाय."

दोन मुठी भरल्या आणि टायर दाबलं की गवत बसे. पुन्हा भरलं, पुन्हा बसलं. खोक्यातली मूर्ती जागेवर उभी असते. तिच्यावर साठ किलोचा बाबाजी बसत नाही. तो हताश होऊन फारुखकडं पाहू लागला.

फारुखनं गवताची पेंढी हातात घेतली. एक टोक बाबाजीच्या हातात दिलं. "धर घट्ट. सोडू नको." आणि दुसऱ्या टोकाला पीळ घालायला लागला. डबल बेडच्या चादरी मशीन बंद पडलं की दोघं दोघं मिळून पिळत, अगदी तसा. गवताचा जाड, टणक दोर झाला. तो टायरात बसवला, पुढचा पिळला, त्याच्याशी भिडवला. बोटानं दाबलं तर दबेना.

"हे कुठं शिकलास?" बाबाजीनं विचारलं.

"कुवेतला," फारुख म्हणाला, आणि दोघंही इतके हसले की म्हाताऱ्याच्या बकऱ्या बिचकल्या.

त्या गवतावर ते ढाणीपर्यंत गेले, आणि सकाळी पक्क्या सडकेपर्यंत. चाक आवाज करी तो म्हैस रवंथ करते तसा. पुढच्या गावात साध्या, रिकाम्या ट्यूबा मिळाल्या. जैसलमेरला पोचले, रेतीच्या डोंगरावर बसून सूर्य बुडताना पाहिला, उंट जवळून पाहिला आणि त्याला वास येतो हेही कळलं. परतताना सायकली आगगाडीत घातल्या.

माघात गावातल्या काळुरामच्या घरी लग्न निघालं. जेवणाला अर्थातच उशीर. खुर्च्या ओढल्या गेल्या. "बोला फारुखभाय! यंदा ताजा माल हाय."

फारुखनं घसा साफ केला आणि त्या मांडवात पहिल्यांदा खरं ते सांगितलं. वाट चुकली ती आपल्यामुळं. ट्यूबांचे साचे झाले. गवत पिळून टायरात भरलं आणि सायकल चालली. अगदी लाँड्रीसुद्धा सांगून टाकली.

मंडळींच्यात चुळबुळ झाली. "गवतावर सायकल?" काळुराम म्हणाला. "फारुखभाय, राग मानू नका, पण वयानुसार तुम्ही थापा मारायला लागलात. आणि लाँड्रीत असता तर उंट कसा शोधला असतात?"

"बाबाजीला विचारा. हा होता संगती."

सगळे बाबाजीकडं वळले. बाबाजीनं अगदी साध्या चेहऱ्यानं सांगितलं, "मी टायर बघत होतो. वाळवंट ह्यानं बघितलं."

"त्यापेक्षा ती वादळाची सांगा," मागून कुणीतरी म्हणालं.

फारुखनं खुर्ची मागं सारली. पलीकडं बायकांत कृष्णाबाई फरझानाला कोपरानं ढोसत होती, आणि न बोलणारी फरझाना तोंडाला पदर लावून हसत होती.

"ती बाबाजी सांगंल," फारुख म्हणाला. "त्याला माझ्यापेक्षा पाठ हाय."

बाबाजीनं खुर्ची पुढं ओढली आणि सांगितली. त्याच्या तोंडी ते वादळ आणखी एक रात्र चाललं. फारुख मान हलवत ऐकत होता.