बॉनेटखालची टकटक

सकाळी सात वाजता वहिनीच्या दारात पन्नासएक माणसं उभी होती आणि सगळ्यांचे कान तिच्या जुन्या ट्रककडे लागले होते. वहिनीने चावी फिरवली. इंजिन खोकलं, सुरू झालं आणि आतून आवाज आला: टक, टक, टक.

"ऐका!" गावातल्या मठाचे बाबा ओरडले. "हिचा धनी दार ठोठावतोय! सहा महिने अडकलाय बिचारा!"

गर्दी शहारली. बाबांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि त्यांना स्वतःलाही कळत नसेल असं काहीतरी पुटपुटायला लागले. वीस मिनिटांत आवाज मंदावला, मग जवळजवळ थांबला. बायकांनी डोळे पुसले. मी कुंपणापाशी येरझाऱ्या घालत नखं कुरतडत होतो.

दादा सहा महिन्यांपूर्वी तापाने गेला. तेव्हापासून ट्रक वहिनीच चालवायची. बाजारात माल पोचवायची, त्यावर घर चालायचं. टकटक सुरू झाली ती दादा गेल्यानंतरच. बाबांनी नेमकं तेच हेरलं. पाच दिवस ते रोज सकाळी आत्म्याला शांत करत होते आणि आत्मा रोज रात्री परत येत होता. सातव्या दिवशी ट्रक मठाला दिला की म्हणे दादा सुटणार.

"तुम्हाला नाही कळायचं, भावोजी," वहिनी म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. "मी गाडी चालवते आणि ते आत तळमळतात. हात कसा लावू सांगा?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण पाच दिवस कुंपणापाशी नुसता बघत होतो. मला राग आला, बाबांचा आणि स्वतःचाही.

"एकच कर," मी कसंबसं म्हणालो. "संध्याकाळी इंजिन गार झालं की बाबांशिवाय गाडी सुरू करून बघ."

तिने सुरू केली. टकटक आली. ना मंत्र, ना तळवा. आम्ही दोघं नुसते उभे. खरं तर तीच उभी होती, मी घड्याळ बघत ट्रकभोवती फेऱ्या मारत होतो. अठराव्या मिनिटाला आवाज विरला.

वहिनीने बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाली, "हे दर काही महिन्यांनी इंजिनाचं वरचं झाकण काढून बसायचे. मी बॅटरीचा उजेड धरायचे. ते गेल्यापासून कोणी उघडलेलंच नाही."

सहाव्या दिवशी बाबांचा प्रयोग आटोपला. दुपारनंतर इंजिन गार झालं तसे आम्ही दादाची हत्यारांची पेटी घेऊन बसलो. प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकाशी बारीक फट होती, झिजून वाढलेली. त्या फटीतूनच ठोका पडत होता.

"मग बुजवूनच टाकू," मी पाना उचलला.

"अहो, थांबा! तापलं की लोखंड वाढतं. जागाच ठेवली नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटणार नाही, जळेल." हे मला, विज्ञानाच्या मास्तरला!

तिने पेटीतली पातळ पोलादी पट्टी काढली. स्क्रू फिरवला, पट्टी फटीत सरकवली. पट्टी सरकायला हवी, पण जरा अडखळत. नट आवळला की फट बदलायची, म्हणून ती पुन्हा मोजायची. असं आठ वेळा. मी बॅटरी धरली, तीही धड धरता येईना.

सातव्या दिवशी गर्दी दुप्पट होती. वहिनीने गार इंजिन सुरू केलं. बाबांनी सवयीने हात उंचावले. "ऐका! आज निरोपाचा दिवस! कसा जोरजोरात ठोठावतोय!"

इंजिन एका लयीत घुमत होतं.

"कुठे?" पुढे उभी असलेली शेजारीण म्हणाली. "मला तर काही ऐकू येत नाही."

"पापी कानांना येत नाही!"

"कालपर्यंत येत होतं की!"

लोक हसले. वहिनी पट्टी हातात घेऊन खाली उतरली. गार इंजिनात फट मोठी, म्हणून आवाज. तापलं की लोखंड वाढून फट कमी होते, म्हणून शांतता, हे तिने सगळ्यांना समजावलं. तोवर बाबांनी काढता पाय घेतला होता.

"सहा दिवस," वहिनी म्हणाली, "माझा माणूस यातना सोसतोय असं समजून मी रडले. त्या बाबाने रडवलं आणि तुम्ही सगळे बघत होतात. कुणी एकाने तरी झाकण उघडून बघा म्हणायचं होतं! असा आवाज उद्या तुमच्या घरात आला तर आधी उघडून बघा. हात जोडायला वेळ आहे."

ती पुन्हा चढून बसली.

"आता वाट सोडा," ती म्हणाली, "माल पोचवायचाय."