शुभांगीची मागणी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. इंदिरानगरातलं दोन खोल्यांचं घर, संध्याकाळची वेळ. आतल्या खोलीत बारावीतली शुभांगी येरझाऱ्या घालत अर्थशास्त्र पाठ करते आहे. मोठ्यानं, कारण मनात वाचलं की तिला झोप येते. बाहेरच्या खोलीत तिची चांगुणाआत्या उरलेला झेंडू ओवत बसली आहे. आत्या गावाकडून फुलं विकायला येते आणि उशीर झाला की भावाकडेच राहते. दिसतंय ना सगळं? मग ऐका.

शुभांगीला बारावीनंतरही अर्थशास्त्रच शिकायचं होतं. पण पप्पांना विचारायचा धीर होत नव्हता. ते अंबडच्या कंपनीतून दमून यायचे आणि पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला की म्हणायचे, "बारावी होऊ दे, मग बघू." त्या 'बघू'चीच तिला भीती वाटायची.

आतून आवाज आला, "लग्नसराईत मागणी वाढते. मागणी वाढली, की किंमत वाढते."

आत्याची सुई थांबली. तेवढ्यात पप्पा दारात आले.

"जीवन्या!" आत्या भावावर कडाडली. "पोरीला मागणी आली आन् मला सांगितलं नाय?"

"कसली मागणी, अक्का?"

"ती आत काय घोकतीय मग? लग्न काय, किंमत काय! माझं शिकायचं वय चुलीपुढं गेलं. हिचं नको घालवू रे. लय हुशार हाय ती."

शुभांगी पुस्तक घेऊन धावत आली. "अगं आत्या, फुलांची मागणी! तुझ्या झेंडूचंच उदाहरण घेतलंय मी."

पप्पा इतके हसले की भिंतीला टेकले. आत्या पदरात तोंड लपवून म्हणाली, "मंग तुमच्या बुकात मागणी म्हंजी काय?"

"नुसतं हवंसं वाटून चालत नाही. ते घ्यायची ऐपत हवी आणि त्यासाठी खर्च करायची तयारी हवी. तिन्ही असतील, तरच मागणी."

पप्पांनी हातातला डबा हळूच खाली ठेवला. "ऐपतीचं आणि तयारीचं मी बघतो," ते म्हणाले. "पण हवंसं काय वाटतं, ते कुणी सांगेल तर ना."

आत्यानं शुभांगीला कोपरानं ढोसलं.

शुभांगीनं पुस्तक मिटलं, पप्पांच्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "पप्पा, माझी एक मागणी आहे."